कुत्रा थांबतो तिथे

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं शेडुंगकडे निघालं की डाव्या हाताला प्रबळगडाचा लांबलचक माथा दिसू लागतो. त्याच्या टोकाला एक खोल खाच आहे आणि खाचेपलीकडे कलावंतिणीचा सुळका. एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्या असंख्य लोकांनी ही आकृती गाडीच्या काचेतून पाहिलेली असते. जे तिथे चढून गेले आहेत, त्यांच्या मनात मात्र खिंडीपासून वर गेलेल्या पायऱ्या घर करून असतात. अखंड कातळात कोरलेल्या, काही ठिकाणी गुडघाभर उंचीच्या, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला सरळ दरी. डोंगरभटक्यांच्या बोलीतलं ‘दृष्टिभय’ इथे पहिल्या वळणापासूनच पाठीला लागतं.

या वाटेवर हल्ली कुत्री बरीच दिसतात आणि ती दोन तऱ्हांची असतात. ठाकूरवाडीतली किंवा प्रबळ माचीवरची गावठी कुत्री ही एक तऱ्हा. पहाटे एखादा गट चढायला लागला की ती अंग झटकून उठतात आणि कुणी हाक न मारता पुढे चालू लागतात. दुसरी तऱ्हा खारघर, कामोठे, नवीन पनवेल, ठाणे किंवा पुण्याहून मोटारीत बसून आलेल्यांची. त्यांत लॅब्रॅडॉर असतात, बीगल असतात, हस्की असतात आणि शहरातच दत्तक घेतलेले देशी, म्हणजे ‘इंडी’ही असतात. पहिली आपण होऊन येतात, दुसऱ्यांना आणलं जातं. साऱ्या विषयाचं मर्म या फरकात आहे.

कुत्र्याला डोंगरात नेऊच नये, असं मी म्हणणार नाही. चार भिंतींत आणि दोन फुटांच्या पट्ट्यात दिवस काढणाऱ्या जनावराला रानातली पहाट दाखवणं ही मोठी माया आहे. पण जिथे पाय चुकला तर दुसरी संधी नाही, तिथे निर्णय एकट्या माणसानं घेऊन चालत नाही. कुत्रा आपलं मत सांगत असतो. ते ऐकण्याची तयारी असेल, त्यानंच त्याला धारेवर न्यावं.

वाट

पनवेलहून ठाकूरवाडीपर्यंत एसटी जाते. तिथून मुरमाड, रुंद वाटेनं चढ सुरू होतो. वाटेत कातळावर गणपती आणि मारुती कोरलेले आहेत. तिथे बहुतेक जण पहिला दम खातात. दीड-दोन तासांत प्रबळ माची येते. प्रबळगड आणि कलावंतीण यांच्या पायथ्याशी असलेल्या या सपाटीवर ठाकूर समाजाची वस्ती आहे. घरोघरी पिठलं-भाकरी मिळते, अंगणात मुक्कामाला तंबू लागतात, गडावर नेणारी तरुण मुलंही इथलीच.

गडाचं जुनं नाव मुरंजन. 1636 मध्ये निजामशाहीचा शेवटचा लढा लढताना शहाजीराजे, जिजाऊ आणि बाल शिवबासह इथे आले आणि पुढे माहुलीला गेले. पुढे गड स्वराज्यात आला, प्रबळगड झाला. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या 23 किल्ल्यांत त्याचं नाव आहे. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर, आणि कलावंतिणीची जवळजवळ तेवढीच. आकडा ऐकून कुणी हसेल, पण ही चढाई जवळपास समुद्राच्या पातळीवरून सुरू होते, तीही कोकणाच्या दमट हवेत.

माचीवरून खिंडीपर्यंत वाट झाडीतून, दगडधोंड्यांतून चढते. खिंडीत आलं की वारा अंगावर येतो. एका बाजूला प्रबळगडाचा कडा, दुसऱ्या बाजूला पायऱ्या. पायऱ्या संपल्यावरही माथा हाती येत नाही. शेवटी एक कातळटप्पा उरतो. तो हातापायांच्या खोबणी शोधत, दोराच्या आधारानं चढावा लागतो. वर पोचलं की माथेरान, चंदेरी, पेब, इर्शाळ, कर्नाळ्याचा अंगठा आणि हवा स्वच्छ असली तर मुंबईपर्यंतचा मुलूख दिसतो. माचीवरची माणसं दरवर्षी शिमग्याला याच माथ्यावर जाऊन नाचतात. आपण ज्या जागी जीव मुठीत धरून बसतो, तिथे ती फेर धरतात. डोंगर अंगवळणी पडणं म्हणजे काय, ते त्यावरून कळतं.

गावठी कुत्र्याची चाल

डोंगर असाच अंगवळणी पडलेली दुसरी जमात म्हणजे इथली कुत्री. राजगडाखालचं गुंजवणे, हरिश्चंद्रगडाखालची पाचनई, कळसूबाईच्या पायथ्याची बारी, कुठेही जा, अशी वाटाडी कुत्री भेटतात. सडपातळ अंग, आखूड केस, उभे कान, तांबूस किंवा काळा रंग आणि वर वळलेली शेपटी. नावंही ठरलेली: मोत्या, काळू, वाघ्या, राजा.

माचीवरून खिंडीकडे जाताना अशा एका तांबड्या कुत्रीच्या मागे मी मुद्दाम चालत राहिलो. तिची चाल पाहण्यासारखी होती. माणसं वाटेच्या मधोमध दगडांवर पाय आपटत चालतात; ती कडेच्या मातीवरून, झाडांच्या मुळांवरून चालत होती. चढ उभा झाला की सरळ न जाता तिरकी वळणं घेत होती. दर थोड्या वेळानं सावलीच्या तुकड्यात थांबून मागे पाहत होती. गटातलं शेवटचं माणूस दिसल्याशिवाय पुढे सरकत नव्हती. घसाऱ्याच्या जागी तिनं आधी नाक लावलं, मग एक पुढचा पाय टाकून वजन तोललं, मगच उरलेलं अंग पुढे नेलं.

खिंडीत आल्यावर ती पायऱ्यांच्या तोंडाशी आली. पहिल्या काही पायऱ्या सहज उड्या मारत गेली. मग एका उंच पायरीपाशी थबकली. वरून माणसं उतरत होती, पायरी अरुंद होती. तिनं कान मागे पाडले, जीभ ओठांवरून फिरवली, खाली वळली आणि खिंडीतल्या मोठ्या दगडाच्या सावलीत जाऊन बसली. गटातल्या दोघांनी बिस्किटाचा पुडा हलवून तिला बोलावलं. तिनं तोंड फिरवलं. आम्ही उतरून आलो तेव्हा ती तिथेच होती, आणि आमच्या पुढे होऊन माचीकडे चालू लागली.

माचीवरची सगळीच कुत्री तिथे थांबतात असं नाही. काही माथ्यापर्यंतही जातात. पण ती कधी जातात आणि कधी नाही, हे ती ठरवतात. वाट मोकळी असेल, कातळ कोरडा असेल, ऊन चढलेलं नसेल तर जातात. गर्दी असेल, दगड ओला असेल तर फिरतात. अनेक पावसाळे आणि उन्हाळे याच वाटेवर काढलेल्या जनावराचा हा हिशेब आहे. त्याला पुडा हलवून भुलवणं म्हणजे त्या हिशेबात आपली हौस मिसळणं.

पाहुण्याचं शरीर

शहरातून आलेल्या कुत्र्यापाशी हा हिशेब नसतो. त्याच्यापाशी मालकावरचा विश्वास असतो, आणि तो विश्वासच धोक्याचा. मालक पुढे गेला की तो जाणारच. पाय थरथरत असले तरी जाणार. म्हणून त्याचं शरीर कसं चालतं हे मालकाला ठाऊक हवं.

पहिली गोष्ट उष्णता. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड ठेवतो. हवाच दमट असेल तर वाफ नीट होत नाही आणि धापेचा उपयोग घटतो. पनवेलच्या परिसरात ऑक्टोबरच्या उन्हात किंवा मार्चनंतर चढणं म्हणूनच जिवावरचं ठरू शकतं. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असतं. ते 41 च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो. जीभ लांब आणि रुंद बाहेर येणं, हिरड्या लालभडक होणं, लाळ चिकट होणं, चालीत झोक जाणं ही चिन्हं दिसली की तिथेच थांबायचं, सावलीत घ्यायचं, पोटावर, जांघेत आणि पंज्यांवर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच खाली उतरून पशुवैद्य गाठायचा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर या वाटेवर आणूच नये. त्यांचा श्वासमार्गच अपुरा असतो.

दुसरी गोष्ट पंजे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. हा काळा दगड उन्हात झपाट्यानं तापतो आणि त्याच्या कडा धारदार असतात. सोसायटीच्या फरशीवर वाढलेले पंजे त्यावर सोलवटतात. आपला उघडा तळहात काही क्षण दगडावर ठेवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल, तर त्यालाही सोसवत नाही.

तिसरी गोष्ट उतार, आणि खरी परीक्षा हीच. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी वाढतो. कलावंतिणीच्या उंच पायऱ्यांवरून उतरताना प्रत्येक पायरीला तो भार खांद्यांवर आदळतो. चढताना उत्साहानं पुढे धावलेला लॅब्रॅडॉर उतरताना पायरीच्या टोकाशी उभा राहून कण्हू लागतो, तो यामुळेच. मग मालक त्याला उचलू पाहतो. तीस किलोचं, धास्तावलेलं, हलणारं ओझं घेऊन त्या पायऱ्यांवर तोल सांभाळणं म्हणजे दोघांचा जीव टांगणीला लावणं, शिवाय मागे खोळंबलेल्या सगळ्यांचाही.

साखळीचंही तसंच. खालच्या जंगलवाटेवर साखळी किंवा दोरी हवीच. पण अरुंद पायरीवर ती मनगटाला गुंडाळून चालू नये. एकाचा पाय घसरला तर दुसराही ओढला जातो. गळ्यातला पट्टा तर डोंगरात नकोच. घसरलेलं कुत्रं गळ्याच्या पट्ट्यावर लोंबकळलं तर त्याला फास बसतो. छातीवरून आणि पोटाखालून जाणारा, पाठीवर मूठ असलेला हार्नेस वापरावा, म्हणजे वेळेला त्याला धरून सावरता येतं.

खाण्याचंही भान हवं. ट्रेकच्या सॅकमध्ये हमखास असणारं चॉकलेट आणि मनुका हे दोन्ही कुत्र्यासाठी विषारी आहेत. भजीतला कांदाही वाईट. पाणी त्याच्या वाट्याचं वेगळं न्यावं. वाटेवरच्या टाक्यांवर आणि झऱ्यांवर विसंबू नये. पावसाळ्यानंतरच्या गवतात गोचीड असतात, म्हणून घरी परतल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली तपासावं. गोचीडताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो.

एवढं सगळं सांभाळणाऱ्यालाही माझं सांगणं एकच आहे: प्रबळ माची हा कुत्र्यासाठी उत्तम ट्रेक आहे, आणि खिंड ही त्याची शेवटची हद्द. पायऱ्यांवर त्याला नेऊ नका. गटातल्या एकानं खिंडीत किंवा माचीवर त्याच्यापाशी थांबावं, बाकीच्यांनी वर जाऊन यावं, मग पाळी बदलावी. गट करून जाण्याचा हाही एक फायदा.

जगातले दोन दाखले

कुत्र्यांनी याहून कितीतरी अवघड डोंगर चढले आहेत, हे मला सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. आल्प्समध्ये एकोणिसाव्या शतकात चिंगेल नावाची कुत्री होती. ख्रिश्चन आल्मर या स्विस वाटाड्यानं तिला 1865 मध्ये विकत घेतलं आणि 1868 मध्ये डब्ल्यू. ए. बी. कूलिज या तरुण गिर्यारोहकाला दिलं. कूलिज आणि त्याची मावशी मेटा ब्रेव्हूर्ट यांच्यासोबत तिनं अनेक शिखरं आणि खिंडी पार केल्या. 1875 मध्ये ती माँ ब्लाँच्या माथ्यावर पोचली. अलीकडचा दाखला नेपाळचा. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मेरा शिखरावरून परतणाऱ्या एका मोहिमेच्या मागे एक भटकी कुत्री लागली. डॉन वारगोव्स्कीच्या नेतृत्वाखालच्या त्या तुकडीबरोबर ती 7,129 मीटर उंचीच्या बारुंत्सेवर चढली. तुकडीनं तिचं नावच मेरा ठेवलं.

या दोघी ज्या गुणांनी तरल्या, ते गुण मालकाच्या हौसेनं येत नाहीत. चिंगेलच्या मागे बर्फातल्या चालीचा वर्षानुवर्षांचा सराव होता आणि त्या काळातले उत्तमातले उत्तम वाटाडे होते. मेरा तर हिमालयातच वाढलेली. तिला कुणी आणलं नव्हतं, तीच मागे आली. माचीवरची तांबडी कुत्री या दोघींच्या कुळातली आहे. रविवारी पहाटे मोटारीतून उतरलेलं कुत्रं त्या कुळातलं नाही, आणि त्यात त्याला कमीपणाही नाही.

रान कुणाचं

पनवेलचा दुसरा लाडका गड कर्नाळा. पण तो 1968 मध्ये घोषित झालेल्या पक्षी अभयारण्यात येतो, आणि तिथे पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही. अनेकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो अत्यंत योग्य वाटतो. अभयारण्याचं क्षेत्र अवघं 12 चौरस किलोमीटरच्या आसपास, त्याला मुंबई-गोवा महामार्ग चिरून गेलेला. जमिनीवर आणि झुडपांत घरटी करणाऱ्या पाखरांना तिथे आधीच जागा कमी आहे. कुत्र्यानं काही मारलं नाही तरी त्याच्या नुसत्या वासानं आणि धावण्यानं पाखरं उठतात, भेकरं पळतात. त्याशिवाय कॅनाइन डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांकडून वन्य प्राण्यांत पसरू शकतात.

प्रबळच्या बाजूला अभयारण्याचा नियम नाही, पण रान तिथेही आहे. वानरांचा कळप दिसला की शहरातला कुत्रा भान हरपतो. वानर कड्याच्या टोकावरून झाडावर झेप घेतं. मागे लागलेल्या कुत्र्याला तो कडा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मोकळं सोडलेलं कुत्रं डोंगरात गमावण्याचं हे फार साधं आणि फार खरं कारण आहे.

बिबट्याचा विचारही करावा लागतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबानं तिथल्या बिबट्यांच्या आहारात 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. गावाभोवती राहणाऱ्या बिबट्याला कुत्रा हेच मुख्य भक्ष्य वाटतं, असा याचा अर्थ. म्हणून तंबूच्या मुक्कामात कुत्र्याला बाहेर खुंटीला बांधून झोपू नये. त्याला पळताही येत नाही आणि लपताही येत नाही.

वाडीचं देणं

आता त्या तांबड्या कुत्रीकडे वळू या. ती आपल्याला वाट दाखवते, शेवटच्या माणसाची राखण करते. बदल्यात आपण तिला बिस्किटं देतो, तिचे फोटो काढतो आणि शहरात परततो. आठवडाभर वाडीत माणसं मोजकी. शनिवार-रविवारी बिस्किटांचा पाऊस. त्या पावसावर पिल्लांची संख्या वाढते, आणि पावसाळ्यात डोंगर बंद झाला की तीच कुत्री उपाशी पडतात, कोंबड्यांच्या आणि करडांच्या मागे लागतात. त्याची किंमत वाडीतल्या माणसाला मोजावी लागते.

त्याहून गंभीर प्रश्न रेबीजचा. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्क्यांपर्यंत प्रकरणांत तो कुत्र्यामार्फत येतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर रोगी वाचणं जवळजवळ अशक्य असतं. परिसरातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांचं नियमित लसीकरण झालं तर रोगाची साखळी तुटते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवायचा, असं भारतानंही ठरवलं आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांवर देशभर वाद झाला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री जागच्या जागी सोडावीत, की निवाऱ्यात ठेवावीत, यावर दिवसरात्र बोललं गेलं. त्या साऱ्या बोलण्यात शहरं होती, महापालिका होत्या. डोंगरावरची वाडी, जिथे कुत्रा चावलेल्या मुलाला आधी दीड तास पायी उतरवावं लागतं, ती त्यात कुठेच नव्हती.

या डोंगररांगेतल्या वाड्यांचं एकाकीपण आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, यंत्रं नेता आली नाहीत. बचावाला गेलेले सारे चिखलातून, पायी चढून गेले. त्यांत आजूबाजूचे डोंगरभटकेही होते, कारण वाट त्यांच्या पायाखालची होती. ज्या वाटेनं आपण हौसेनं जातो, तिचं देणं वेळेला असं फेडावं लागतं. ते संकटाची वाट न पाहताही फेडता येतं.

पनवेल परिसरात गिर्यारोहणाच्या संस्था आहेत, ट्रेक नेणारे गट आहेत, प्राणिप्रेमी मंडळी आहेत. या तिघांनी मिळून दर हिवाळ्यात एक रविवार ठाकूरवाडी आणि प्रबळ माचीसाठी राखून ठेवावा. पशुवैद्याला सोबत घ्यावं, लस बर्फात ठेवून वर न्यावी, प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस टोचावी, लस दिलेल्याच्या गळ्यात रंगीत पट्टी बांधावी आणि वाडीतल्याच एखाद्या तरुणाकडे या नोंदींची वही द्यावी. नसबंदीसाठी कुत्री खाली न्यावी लागतील. त्याची गाडी आणि खर्च ट्रेकच्या शुल्कातून उभा राहू शकतो. माणशी थोडीच रक्कम वेगळी काढली तरी हंगामाच्या अखेरीस काम होण्याइतके पैसे जमतील. बिस्किटांवर आज जे पैसे जातात, त्यांतूनच हे होण्यासारखं आहे.

आपल्या घरच्या कुत्र्याला डोंगर दाखवायचा असेल तर त्याचं लसीकरण पूर्ण करूनच न्या, थंडीत न्या, पहाटे न्या, बांधून न्या आणि त्यानं पाय रोवला की परत फिरा. माथा त्याला नको असतो. त्याला तुम्ही हवे असता. वाडीतल्या कुत्र्याकडून वाट शिकून घ्या आणि त्याच्यासाठी लस घेऊन जा. पनवेलच्या प्रत्येक ट्रेक गटानं एवढे दोन नियम पाळले, तर कलावंतिणीच्या वाटेवर कुत्रा हा अपघाताचा विषय राहणार नाही.